कोळशाच्या ग्रिलवर मटण बर्गर करपतो, तुटतो, कोरडा पडतो: काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची फॅब्रिकेशनची शेड आहे. गेटं, शटरं, जिने यांच्या जोडीला घरगुती कोळशाचे ग्रिलही आम्ही बनवून देतो. ग्रिल घरी गेला की थोड्या दिवसांत फोन येतो, "ग्रिलमध्ये काहीतरी फॉल्ट आहे." मग समोरचा सांगतो ते सगळं बर्गरबद्दल असतं. जाऊन बघितलं की बहुतेक वेळा ग्रिल ठणठणीत निघतो आणि दोष दुसरीकडे सापडतो. तो कसा शोधायचा ते लिहितोय. आधी लक्षणं.

- टिक्की बाहेरून काळीकुट्ट होते, मोडून बघावं तर आत लाल आणि गार.
- जाळीला चिकटते. उलटताना अर्धी उलथण्यावर येते, उरलेली जाळीत अडकते नाहीतर इंगळात पडते.
- कडेनं आक्रसते, मध्ये टम्म फुगते आणि पावात नीट बसत नाही.
- शिजते, पण कोरडी. घास तोंडात फिरत राहतो.
- मऊ राहायच्या ऐवजी वातड होते.
- चव कडवट, वास रॉकेलचा.
- चरबी गळून भडका उडतो आणि सगळं काजळतं.
- कोळसा पेटता पेटत नाही, पेटला तर लगेच मावळतो.

यातली तीन-चार लक्षणं एकदम दिसली तर घाबरू नका. मूळ बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतं: आगीत आणि चरबीत. आपल्याकडे मटण बिघडलं की पहिला हात चटणीच्या डब्याकडे जातो. मसाला वाढवून बघतात, बदलून बघतात. वरच्या यादीतलं एकही लक्षण मसाल्यानं बरं होत नाही.

अजून एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. हॅम्बर्गर हा अमेरिकेत रुळलेला पदार्थ आणि तिथे तो गोमांसाच्या खिम्याचा करतात. इंटरनेटवरच्या पाककृतींतला वेळ, चरबीचं प्रमाण, मध्ये गुलाबी ठेवायचा सल्ला हे सगळं त्या मांसाला धरून असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि कोल्हापूरच्या घरात रविवारी मटणच येतं. बोकडाच्या मटणात चरबी बरीच कमी. जी असते ती बाजूला साठलेली असते, मांसात पसरलेली नसते. त्यामुळे तिकडची पाककृती इकडे जशीच्या तशी लावली की टिक्की कोरडी पडते आणि तुटते. खाली जे लिहिलंय ते मटण धरून लिहिलंय. चिकनचं वेगळं असेल तिथे तसं सांगेन.

तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करतो. पैसे लागतात त्या गोष्टी शेवटी.

कोळसा पुरता पेटू दिलात का?

करपण्याच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात. कोळशाला पिवळा जाळ दिसला की लोक टिक्की टाकतात. तो जाळ म्हणजे कोळशात उरलेले वायू आणि पेटवायला घातलेला माल जळत असतो. त्यात काजळी भरपूर आणि धग एकसारखी नाही. काजळी टिक्कीच्या ओल्या पृष्ठभागावर बसते, म्हणून कडवट लागतं. वरची कड करपते, आत मात्र ऊब पोचलेली नसते.

जाळ पूर्ण बसू द्या. इंगळावर सगळीकडून करडी राख चढली पाहिजे आणि राखेखाली लाल धग दिसली पाहिजे. पेटवल्यापासून याला वीस ते तीस मिनिटं लागतात. मग जाळीच्या चार-पाच इंच वर तळहात धरा आणि सावकाश सेकंद मोजा. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर आच कडक आहे, टिक्कीचा रंग आणायला हीच हवी. चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम. आठ-दहा सेकंद निवांत धरवत असेल तर आग उतरलीय, कोळसा घाला आणि परत थांबा.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल, थिनर काहीही ओतू नका. वास तर राहतोच, शिवाय अर्धवट पेटलेल्या कोळशावर दुसऱ्यांदा ओतलं की जाळ धार पकडून बाटलीपर्यंत येतो. आपल्याकडे पेटवणाची काय कमी? शेणीचा तुकडा, नारळाची शेंडी, उसाचं वाळलं चिपाड, दोन कापराच्या वड्या. प्लायवूडचे, रंग दिलेल्या लाकडाचे तुकडे नकोत, त्यांचा धूर खाण्यावर नको. साध्या काळ्या लोखंडी (एमएस) पत्र्याचं फूटभर उंचीचं, सहा-सात इंच रुंद नळकांडं करून घ्या. खालच्या बाजूला भोकं, मध्ये एक जाळी, बाजूला लाकडी मूठ. खाली पेटवण, वर कोळसा. हवा खालून वर खेचली जाते आणि पंखा न हलवता सगळा कोळसा सारखा पेटतो. कुठलाही वेल्डर तासाभरात करून देईल.

इंगळ कुठे पसरलेत?

इंगळ सगळ्या ग्रिलभर सारखे पसरले असतील तर तुमच्याकडे आच कमी-जास्त करायचं साधनच उरत नाही. गॅसला बटण असतं, इथे जागा बदलणं हेच बटण. सगळे इंगळ एका अर्ध्या भागात ओढून ढीग करा आणि दुसरा अर्धा रिकामा ठेवा. ढिगावर टिक्कीला रंग आणायचा, रिकाम्या बाजूला सरकवून वर झाकण ठेवायचं आणि आत शिजू द्यायची. ग्रिलला झाकण नसेल तर जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घाला.

बाहेर काळी आणि आत कच्ची या जोडीवर हाच उपाय. कडक आचेवर पृष्ठभागाला रंग यायला तीन-चार मिनिटं पुरतात. पाऊण इंच जाडीच्या टिक्कीच्या मध्यापर्यंत ऊब पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. दोन्ही कामं एकाच जागी करायला गेलात की एक बिघडणारच.

भडक्याचंही उत्तर रिकामी बाजूच. चरबीचा थेंब इंगळावर पडतो, तडतडतो आणि त्याची ज्वाला वर येते. टिक्की बाजूला सरकवा, झाकण घाला, ज्वाला आपोआप बसते. पाणी मारू नका. पाण्यानं राख उडून टिक्कीवर बसते, वाफेनं हात भाजतो आणि पेटती चरबी शिंतोड्यांनी पसरते.

हात आवरा

टिक्की उलथण्यानं दाबायची सवय घावनावरून आली असेल, पराठ्यावरून आली असेल, बर्गरला ती चालत नाही. दाबल्यावर येणारा चर्र आवाज म्हणजे आतला रस आणि वितळलेली चरबी इंगळावर पडल्याचा आवाज. कोरडेपणा आणि भडका दोन्ही त्यातूनच.

चिकटण्याचंही असंच. कच्चं मांस गरम लोखंडाला धरतं. पृष्ठभाग वाळून, त्याला तपकिरी कवच आलं की ते स्वतःहून सुटतं. कडेनं उलथणं घालून बघा. टिक्की सहज उचलली नाही तर ती अजून तयार नाही, मिनिटभर थांबा. ओढून काढलीत की कवच जाळीवर राहतं आणि पुढची प्रत्येक टिक्की त्या जागी चिकटते.

राख आणि हवा

कोळसा लवकर मावळतो अशी तक्रार असेल तर खालचं राखेचं ताट ओढून बघा. मागच्या वेळची राख भरलेली असते. खालून हवा मिळत नाही म्हणून वरून पंखा हाणतात, आणि त्यानं राख उडते. राख काढा, खालची झडप पूर्ण उघडा, वरची थोडी. आच कमी करायची असेल तर खालची झडप अर्धी बंद करा आणि दोन-तीन मिनिटं परिणाम बघा. झडपेचा परिणाम लगेच दिसत नाही. धीर न धरता उघड-बंद करणाऱ्याची आच दिवसभर वरखाली होते.

जाळी

जाळी आधी तापवायची, मग घासायची, मग तेल. गार जाळीवरचा मागचा थर निघत नाही. इंगळावर आठ-दहा मिनिटं तापली की तारेच्या ब्रशनं घासा. नंतर ओल्या कापडाचा बोळा चिमट्यात धरून पुसून घ्या, कारण ब्रशची तार तुटून जाळीत राहते आणि ती पोटात जाणं फार वाईट. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि जाळीवर फिरवा. तेल ओतायचं नाही.

मीठ, चटणी, कांदा, पपई

वातडपणाची तक्रार असली की मी पहिला प्रश्न विचारतो, मीठ कधी घातलं? खिम्यात मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं विरघळून एकमेकांना चिकटतात. सीख कबाबाला ते हवं असतं, कारण तो सळईवर धरून राहिला पाहिजे. बर्गर मोकळा, भुसभुशीत असावा. म्हणून खिम्यात मीठ नाहीच. टिक्की थापून झाली, जाळीवर जायच्या आधी दोन्ही बाजूंनी सढळ हातानं वरून मीठ भुरभुरा.

कांदा-लसूण चटणी खिम्यात किंवा टिक्कीवर लावून थेट आगीवर टाकली की मिरची आधी जळते. काळी होते, कडू होते, धुरानं सगळ्यांना ठसका लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं मटण करपलं. चटणी वगळा असं कोल्हापुरात कोणाला सांगायची माझी इच्छा नाही. तिची जागा बदला. लोण्यात कालवून ठेवा आणि टिक्की उतरवल्यावर वरून लावा, नाहीतर तेलात परतलेल्या कांद्यात घाला आणि तो कांदा पावात घाला. चव जास्त उठून येते.

खिम्यात कच्चा कांदा बारीक चिरून घातला की त्याला पाणी सुटतं आणि टिक्कीला त्या जागी चिरा जातात. आलं-लसणाची पातळ पेस्ट तेच करते. घालायचीच असेल तर घट्ट वाटलेली, किलोला दोन चमचे, बस्स. कच्ची पपई मात्र अजिबात नको. मोठ्या तुकड्यांना ती मऊ करते, खिम्यात तिचा रस सगळीकडे पोचतो आणि मांसाचा लगदा होतो. तासभर मुरवलेली पपईची टिक्की जाळीवर तुटायचीच.

आकार आणि गारवा

एका टिक्कीला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम खिमा. जाडी पाऊण इंच. रुंदी पावापेक्षा कडेनं बोटाच्या जाडीएवढी जास्त, कारण शिजताना ती आत येते. मधोमध अंगठ्यानं उथळ खळगा दाबा. कड आधी शिजते आणि आक्रसते, त्या दाबानं मधलं मांस वर येतं. खळगा असला की ते येऊन सपाट होतं. इतक्या साध्या गोष्टीनं फुगण्याची तक्रार जाते.

थापताना मळू नका. हाताला गार पाणी लावा, गोळा हलकेच एकत्र करा, चपटा करा, सोडा. कडेला चीर दिसली तर बोटानं बुजवा. मग अर्धा तास फ्रिजमध्ये. चरबी घट्ट झाली की टिक्की जाळीवर जाईपर्यंत आकार धरते. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ताटात मांडून ठेवलेल्या टिक्क्या आग तयार होईपर्यंत ओलसर, लिबलिबीत झालेल्या असतात. त्या तुटल्या तर दोष जाळीचा नाही. शिवाय कच्चा खिमा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि भर उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त नको. इंगळावर राख चढली की मगच फ्रिज उघडा.

खिमा

इथपर्यंत सगळं बरोबर आहे आणि तरी टिक्की कोरडी पडतेय, तुटतेय, तर आता खिम्याकडे या. माझ्या मते घरगुती बर्गरमधली सगळ्यात दुर्लक्षित चूक इथे होते, आणि ती चूक स्वच्छतेच्या पोटी होते. खिमा घरी आणला की तो चाळणीत घालून नळाखाली धुतात. रश्शात जाणाऱ्या खिम्याला ते चालून जातं, पाणी आटतं. बर्गरमध्ये तो खिमा पाणी धरून बसतो. जाळीवर पडला की आधी ते पाणी वाफ होऊन निघायला बघतं. ओल्या पृष्ठभागाचं तापमान पाण्याच्या उकळीच्या वर जात नाही, आणि तपकिरी रंग यायला त्याहून बरीच जास्त, साधारण १४० अंशांची उष्णता लागते. म्हणजे तेवढा वेळ टिक्की नुसती वाफवते, करडी दिसते, जाळी सोडत नाही. मग लोक आच वाढवतात आणि करपते.

धुतलेला खिमा ओळखायचा कसा? मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि हात उघडा. तळहातावर गुलाबी पाणी साचलं आणि गोळा बोटांना न चिकटता घसरला, तर तो बर्गरच्या कामाचा नाही. त्याचा खिमा-पाव करा, छान होईल. बर्गरचा खिमा दाबल्यावर तळहातावर चरबीचा पुसट ओशट थर राहतो आणि गोळा सैलसर एकत्र राहतो.

धुवायचंच असेल तर मटण तुकड्यांत असताना धुवा, स्वच्छ कापडानं अगदी कोरडं टिपा आणि मग खिमा करा.

आता दुकानात काय सांगायचं. नुसतं "अर्धा किलो खिमा" म्हणालात तर दुकानदार तुमच्या भल्यासाठी चरबी काढून, मांडीचं लुसलुशीत मटण बारीक करून देतो. त्याला तुम्ही बर्गर करणार आहात हे कसं कळणार? खांद्याचं, पुढच्या पायाचं मटण मागा. चरबी ठेवायला सांगा, वर गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी वेगळी घ्या. आठशे ग्रॅम मटणाला दोनशे ग्रॅम चरबी, म्हणजे पाचात एक भाग. ऐकायला जास्त वाटतं, पण त्यातली बरीच गळून जाते. मेंढीचं मटण मिळालं तर चरबी जरा कमी घाला, त्यात ती मुळात जास्त असते. खिमा एकदाच आणि जाडसर करायला सांगा. सत्तुरानं ओंडक्यावर हातानं तोडलेला मिळाला तर उत्तमच. मशीनमधून दोनदा काढला की चरबी गरम होऊन मांसाला माखते, दाणा राहत नाही आणि टिक्की पेस्टसारखी होते.

रविवारी सकाळी दुकानासमोर रांग असते आणि जाडसर खिम्याच्या सूचना ऐकायला कोणालाच सवड नसते. आदल्या दिवशी सांगून ठेवा, किंवा तुकडे घरी आणून फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास घट्ट होऊ द्या आणि मिक्सरच्या कोरड्या, गार भांड्यात थोडे थोडे घालून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलंत की चटणी होईल.

अंडं, ब्रेडचा चुरा, डाळीचं पीठ घालून टिक्की बांधता येते, पण ती मग कटलेटकडे झुकते. मटणात चरबी योग्य आणि गार असेल तर बांधायला काहीच लागत नाही. चिकनचा खिमा ओला आणि बिनचरबीचा असतो, तिथे थोडा ब्रेडचा चुरा आणि चमचाभर लोणी घालायला माझी हरकत नाही.

मटणाची चरबी गार होताच गोठते आणि टाळूला चिकटते. म्हणून पाव आधी भाजून तयार ठेवा, टिक्की उतरवून दोन-तीन मिनिटं विसावू द्या आणि लगेच खा. पावाबद्दल एवढंच: बेकरीतला गोल बन घ्या, आतून लोणी लावून रिकाम्या बाजूवर मिनिटभर शेका, म्हणजे रसानं लगदा होत नाही.

कोळसा कोणता आणि कुठे ठेवता?

इथून पुढे थोडे पैसे लागतात. लाकडाचाच कोळसा हवा, ज्याला आपण लोणारी कोळसा म्हणतो. बाभळीचा जड असतो, उशिरा पेटतो आणि जास्त वेळ टिकतो. हलक्या लाकडाचा भसकन पेटून संपतो. पोत्याच्या तळाचा चुरा चाळून बाजूला काढा, तो हवेच्या वाटा बुजवतो.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कोणी ओळखीचा असला की फाउंड्रीतला कोक (दगडी कोळशापासून केलेलं भट्टीचं इंधन) सहज मिळतो, कधी फुकटही. तो ग्रिलमध्ये घालू नका. दगडी कोळसाही नको. त्यात गंधक असतं, धूर खाण्याच्या लायकीचा नसतो. कोकची धग तर इतकी की घरगुती ग्रिलचा तळ वाकतो. ज्या ग्रिलचे तळ लवकर जळून आमच्याकडे परत येतात, त्यांत कोकची राख हमखास सापडते.

जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत ओल मुरलेली असते आणि कोळसा ती शोषून घेतो. जिन्याखाली पोत्यात ठेवलेला कोळसा पावसाळ्यात तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि धुमसत राहतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. ओला झालाच असेल तर दिवसभर कडक ऊन द्या. स्वयंपाकघरातल्या गॅसवर वाळवू नका.

थर्मामीटर

टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. टिक्कीच्या कडेतून आडवा, मध्यापर्यंत खुपसा. मटणाच्या खिम्याला ७१ अंश सेल्सिअस, चिकनला ७४. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि आगीनं मरतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत मिसळला जातो, म्हणून बर्गर मध्ये कच्चा ठेवणं धोक्याचं. रंगावर विसंबू नका. खिमा कधी पुरेसा शिजायच्या आधीच तपकिरी दिसतो, तर कधी शिजूनही गुलाबी राहतो. थर्मामीटर बरोबर आहे का ते बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून बघा, शून्याच्या आसपास दाखवायला हवा. घरात लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं असतील तर हा खर्च टाळू नका.

शेवटी ग्रिल

वरचं सगळं तपासून झालं आणि दोष कायम असेल, तर आता ग्रिल बघायचा. इंगळाच्या वरच्या थरापासून जाळीपर्यंत चार ते सहा इंच अंतर हवं. तीन इंचांच्या आत असेल तर करपणार, आठच्या वर गेलं तर रंग येणार नाही. जास्तीचं अंतर पेटीत इंगळांखाली विटा मांडून कमी करता येतं, मात्र हवेची भोकं मोकळी ठेवा. कमी असलेलं वाढवायला जाळीचे टेकू उचलून घ्यावे लागतात.

जाळी कशाची आहे हे नक्की विचारा. स्वस्तात मिळणारी चकचकीत पांढरी वेल्डमेश जाळी बहुतेक जस्ताचा मुलामा दिलेली असते. इंगळावर तापली की जस्ताचा धूर निघतो आणि तो श्वासात जाणं आरोग्याला घातक. ती आजच काढा. स्टेनलेस स्टीलच्या (एसएस ३०४) आठ एमएम सळ्या, मध्ये दहा-बारा एमएम फट, ही जाळी वर्षानुवर्षं टिकते. जाड सळई उष्णता धरून ठेवते, म्हणून टिक्की ठेवल्यावर लगेच गार पडत नाही आणि चिकटतही कमी. पेटीला आम्ही तीन एमएमचा पत्रा लावतो. सोळा गेजच्या, म्हणजे त्याहून पातळ पत्र्याची पेटी हलकी आणि स्वस्त, पण तळ लवकर जातो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

तळाला भोक पडलंय, पाय डुगडुगतोय, सांध्याला चीर गेलीय: त्या ग्रिलमध्ये आग पेटवू नका. तारेनं बांधून, खाली वीट लावून वेळ मारून नेऊ नका. भरलेल्या इंगळांसकट पेटी कलंडली तर जवळ उभं असलेलं पोर भाजतं. फॅब्रिकेटरकडे न्या. तळ बदलणं नव्या ग्रिलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. जाळीचा मुलामा कशाचा ते कळत नसेल तरी तुकडा घेऊन या, बघून सांगता येतं.

फ्लॅटच्या बंद गॅलरीत, काचा लावलेल्या बाल्कनीत, गॅरेजमध्ये किंवा घरात कोळशाचा ग्रिल लावायचाच नाही. पाऊस आला म्हणून पेटता ग्रिल आत ओढायचा नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूर दिसत नसतानाही तो निघत असतो. कोणाचं डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं तर आधी माणसाला मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. बरं वाटलं म्हणून दवाखाना टाळू नका.

भडका झाकण आणि झडपा बंद करूनही मिनिटभरात बसला नाही तर कोरडी माती किंवा वाळू टाका. आजूबाजूला काही पेटलं तर १०१. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा, वर टूथपेस्ट-हळद काही लावू नका, आणि फोड तळहातापेक्षा मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर असेल तर डॉक्टर गाठा. खिमा बुळबुळीत लागला किंवा आंबूस वास आला तर शिजवून बघू नका, टाकून द्या. खाल्ल्यानंतर रक्ताचे जुलाब किंवा न उतरणारा ताप आला तरीही थेट डॉक्टरच.

गच्चीवर ग्रिल ठेवताना खाली विटांचा एक थर द्या, नाहीतर कोब्याला तडे जाऊन पावसाळ्यात खाली गळती सुरू होते, आणि तिला वॉटरप्रूफिंगवाल्याशिवाय इलाज नाही. राख दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आतून जिवंत असते. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत भरा, पाणी घालून ढवळा, पुन्हा पाणी घाला आणि हाताला पूर्ण गार लागल्यावरच कचरा गाडीत द्या.